जुन्या गाडीची गळती: आधी कारण, मग पार्ट

दर आठ-दहा दिवसांनी बॉनेट उघडायचं, रेडिएटरमध्ये बाटलीभर पाणी ओतायचं आणि ‘गाडी जुनी झाली, थोडं पाणी पिणारच’ असं म्हणत निघायचं, ही सवय आपल्या शहरात पुष्कळ घरांत आहे. ती मोडायला हवी. गाडी पाणी पीत नाही. इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा बंद असते आणि तेच पाणी तिच्यात फिरत राहतं. वर्षभरात रेडिएटरशेजारच्या राखीव बाटलीतली पातळी बोटभर खाली आली तर हरकत नाही. महिन्यातून दोनदा भर घालावी लागत असेल, तर पाणी कुठून तरी बाहेर जातंय, किंवा त्याहून वाईट म्हणजे इंजिनाच्या आत जातंय.

दुसरी तक्रार याहून जास्त ऐकू येते. दिवाळीआधी रेडिएटर बदलला, संक्रांतीला होज पाइप फुटला, आता वॉटर बॉडी गळतेय. प्रत्येक वेळी पैसे गेले, प्रत्येक वेळी ‘आता काही होणार नाही’ असं सांगितलं गेलं. मालकाचा संशय मग मेकॅनिकवर जातो किंवा डुप्लिकेट पार्टवर. कधी तो खराही असतो. पण माझं ठाम मत असं, की वारंवार होणारी गळती बहुतेक वेळा वेगवेगळ्या बिघाडांची रांग नसते. एकच कारण वेगवेगळ्या जागी तोंड काढत असतं. ते कारण सापडेपर्यंत पार्ट बदलत राहणं म्हणजे पैसे गळू देणं.

आपल्या शहराचा हिशेब वेगळा

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५६८ मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर साधं पाणी शंभरऐवजी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा तापलेल्या डांबरावरून उठणारी आणि रेडिएटरमधून जाणारी हवा त्याहून गरम असते. दुपारी क्रांती चौक ते चिकलठाणा या जालना रोडवरच्या सिग्नलांमधून एसी लावून रांगत जाणाऱ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही. सगळा भार पंख्यावर येतो. दुसऱ्या टोकाला समृद्धी महामार्ग आहे. सावंगी किंवा माळीवाड्याहून वर चढलं की कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा, आणि तासन्‌तास न थांबता तो वेग धरता येतो. शहरात चाळीसच्या वेगाने वर्षानुवर्षं निभावलेली जुनी गाडी तिथे पहिल्या तासातच उघडी पडते. चाळीसगावकडे जाणारा कन्नडचा घाटही तसाच. कमी वेग, खालचा गिअर, इंजिनावर पूर्ण ताण आणि वारा नाही.

पण उन्हापेक्षाही मोठा वैरी इथलं पाणी आहे. पैठणच्या नाथसागरातून शहराला पाणी येतं खरं, पण नळाला ते रोज येत नाही, कित्येक भागांत काही दिवसांच्या खंडाने येतं. मधले दिवस बोअर आणि टँकरवर निघतात. आपली जमीन काळ्या बेसॉल्टची. बोअरचं पाणी इथे बहुतेक ठिकाणी जड, क्षारांनी भरलेलं. गिझरच्या कॉइलवर, बाथरूमच्या नळांवर आणि स्टीलच्या भांड्यांवर साचणारा पांढरा थर घराघरात माहीत आहे. तेच पाणी आपण रेडिएटरमध्ये ओततो. तिथे ते नव्वद अंशांवर तापतं आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत क्षार सोडतं. त्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतात. शिवाय आधीच्या कूलंटमधली गंजरोधक रसायनं प्रत्येक बाटलीगणिक पातळ होत जातात. म्हणजे गळतीवर उपाय म्हणून ओतलेलं पाणी पुढच्या गळतीची तयारी करतं.

दाब समजून घ्या, बाकी आपोआप समजेल

इंधनाच्या उष्णतेतला ढोबळमानाने तिसरा हिस्सा कूलंट उचलतो. वॉटर पंप, ज्याला गॅरेजमध्ये वॉटर बॉडी म्हणतात, तो कूलंट फिरवतो. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद असतो, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. यात ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं असा आणि सगळ्यात स्वस्त भाग म्हणजे झाकण, रेडिएटर कॅप. कुकरच्या शिट्टीचं काम ती करते. आत साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवते आणि त्यापलीकडचा दाब सोडून देते. या दाबामुळेच आतलं पाणी ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि कूलंटचं मिश्रण असेल तर उकळण्याची मर्यादा आणखी वर जाते.

कॅप सैल झाली तर पाणी लवकर उकळतं, वाफ होऊन बाहेर पडतं आणि गळती कुठेच दिसत नसताना पातळी उतरते. ती अडकून बसली किंवा कुणी जास्त दाबाची बसवली, तर उलटं होतं. दाब वाढतो आणि यंत्रणेतला सगळ्यात कमजोर दुवा फुटतो. तो बदलला की त्याच्या खालचा कमजोर दुवा. रेडिएटर, मग होज, मग पंप ही जी रांग वर सांगितली, तिचं मूळ कित्येकदा या छोट्या झाकणात असतं. कॅपवर दाबाचा आकडा छापलेला असतो. गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी तो जुळतो का, एवढं आज पाहून घ्या.

कॅपमध्ये दुसरी एक बारीक झडप असते. इंजिन गार होताना आत पोकळी निर्माण होते आणि ही झडप बाजूच्या बाटलीतून पाणी परत ओढू देते. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज सकाळी चपटा झालेला दिसला, तर ही झडप बिघडली आहे किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी तुंबली आहे. बऱ्याच मारुतींत बाटली फक्त राखीव पाण्याची असते आणि कॅप रेडिएटरवर असते. अशा गाडीत बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असंही होऊ शकतं. म्हणून बाटलीवर विश्वास ठेवू नका. गाडी पूर्ण गार असताना कॅप उघडून रेडिएटरमध्ये बघा. स्कोडा, फोक्सवॅगनसारख्या गाड्यांत बाटलीच दाबाखाली असते. तिथे बाटलीच्या सांध्यावरची केसासारखी भेग हे गळतीचं नेहमीचं ठिकाण.

सकाळच्या गार गाडीची तपासणी

गळती शोधायची वेळ सकाळची, इंजिन सुरू करण्याआधीची. आदल्या रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं किंवा पुठ्ठा पसरून ठेवा. डाग कुठे पडला आणि कोणत्या रंगाचा, यावरून निम्मं काम होतं. कूलंटचा डाग हिरवा, गुलाबी, केशरी किंवा निळसर असतो, बोटांना किंचित बुळबुळीत लागतो आणि त्याला गोडसर वास असतो. हुंगा, पण चाखू नका, ते विष आहे. पुढच्या डाव्या बाजूच्या सीटखाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी बहुधा एसीचं असतं. उन्हाळ्यात त्यावरून घाबरून गॅरेज गाठणारे अनेक असतात.

मग टॉर्च घेऊन बॉनेटखाली. थेंब दिसेलच असं नाही, कारण गरम इंजिनावर तो पडताक्षणी सुकतो. त्याने मागे ठेवलेला पांढरा किंवा रंगीत क्षाराचा ओघळ शोधा. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टिक टाक्या ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दुमडून बसवलेल्या असतात तो सांधा, होजची दोन्ही टोकं, थर्मोस्टॅटचं घर आणि पंपाखालचं बारीक छिद्र या जागा आधी पाहा. पंपाचं ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून ओघळतं आणि पंप बदलायची वेळ आल्याचं सांगतं. काहीजण ते एम-सील लावून बुजवतात. तसं केलं की पाणी पंपाच्या बेअरिंगमध्ये शिरतं आणि पुढे पंप भर रस्त्यात जाम होतो. होज बोटांनी दाबून पाहा. फार मऊ, फुगीर, किंवा दाबताना कुरकुरणारा होज गेलेला समजा. इंजिनाच्या मागच्या अंगाला ब्लॉकमध्ये पत्र्याच्या वाट्यांसारख्या टोप्या ठोकलेल्या असतात, त्यांना कोअर प्लग म्हणतात. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी प्यालेल्या लोखंडी ब्लॉकच्या इंजिनात त्या आतून कुजतात आणि गंजाचा तांबूस ओघळ दिसतो. ही जागा इतकी अडचणीची असते, की घाईतला मेकॅनिक तिथे नजर टाकत नाही.

गाडीच्या आतही बघा. हीटर असलेल्या गाडीत डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर असतो. तो गळू लागला की पायाखालची मॅट ओली होते आणि समोरच्या काचेवर आतून चिकट धुरकटपणा येतो. आपल्याकडे हीटर क्वचितच लावला जातो, म्हणून ही गळती महिनोन्‌महिने कळत नाही.

इतकं करूनही सापडलं नाही, तर गॅरेजमध्ये एकच गोष्ट मागा: प्रेशर टेस्ट. कॅपच्या जागी घड्याळवाला हातपंप बसवतात, कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काट्याकडे पाहतात. काटा उतरला तर गळती आहे, आणि इंजिन गार असल्याने पाणी सुकत नाही, त्यामुळे ती डोळ्यांना दिसते. त्याच पंपाने कॅपही तपासता येते. हे साधन महाग नाही. ज्या गॅरेजात ते नाही आणि जिथे टेस्ट न करता ‘रेडिएटरच टाकू’ म्हणतात, तिथे जुन्या गाडीच्या गळतीचं काम देऊ नका. इतकं स्पष्ट मी मुद्दाम लिहितोय, कारण लोकांचे सर्वात जास्त पैसे याच वळणावर वाया जातात.

बाहेर थेंब नाही आणि पाणी तर कमी होतंय

प्रेशर टेस्टमध्ये काटा उतरतोय पण बाहेर ओल नाही, तर पाणी आत जातंय. हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधल्या सीलचा, संशय इथे घ्यावा. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरतोय. उन्हाने नव्हे, त्या वायूने दाब वाढतोय. याच कारणाने नवा रेडिएटर आणि नवे होज एकेक करून जातात. गार इंजिनावर कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू केलं आणि पाण्यात अखंड बुडबुडे येत राहिले, तर संशय पक्का होतो. खात्रीसाठी गॅरेजमध्ये निळ्या द्रावणाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रावणातून ओढतात. जळका वायू असेल तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही येत राहणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर ही आणखी एक खूण.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट चिकट थर दिसला म्हणून लगेच हेड उघडायला सांगू नका. रोज घर ते ऑफिस तीन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यात हवेतल्या बाष्पानेही तो साचतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका, टो करून न्या. डिझेल गाड्यांत आणखी एक जागा लक्षात ठेवा. ईजीआर कूलर (इंजिनाकडे परत फिरवलेला एक्झॉस्टचा वायू थंड करणारा भाग) आतून फुटला तर पाणी थेट एक्झॉस्टमध्ये जातं, बाहेर काही दिसत नाही, आणि विनाकारण हेड उघडलं जातं. आधी तो तपासायला सांगा.

हेड उघडावंच लागलं तर फक्त गॅस्केट बदलून बंद करू देऊ नका. एकदा तापलेलं ॲल्युमिनियमचं हेड वाकलेलं असू शकतं. सरळपट्टी लावून ते तपासलं पाहिजे, गरज असेल तर फेसिंग करून, म्हणजे घासून, सपाट केलं पाहिजे आणि भेगांसाठी हेडचीही प्रेशर टेस्ट झाली पाहिजे. अनेक इंजिनांत हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. जुनेच बोल्ट आवळले की सहा महिन्यांत तेच काम पुन्हा निघतं. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींमुळे चांगलं मशिनिंग करणारे हात आपल्या शहरात आहेत. याबाबत आपण इतर अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणांपेक्षा सुदैवी आहोत.

तोच पार्ट पुन्हा पुन्हा जातो तेव्हा

तोच होज तिसऱ्यांदा फुटला किंवा निघून आला, तर होजची कंपनी बदलण्याआधी इंजिन माउंटिंग पाहा. रबर बसलेलं असेल तर प्रत्येक क्लचला इंजिन डोलतं आणि होज ओढला जातो. नवा होज बसवूनही टोकाला गळत असेल, तर ज्या ॲल्युमिनियमच्या नळीवर तो चढतो ती खड्ड्याखड्ड्यांची झालेली असते. बारीक पॉलिश पेपरने ती साफ न करता क्लिप आवळत गेलं की क्लिप रबर कापते. पंप वारंवार जात असेल तर बेल्टचा ताण तपासा. कडक बेल्ट बेअरिंग खातो.

रेडिएटर किंवा हीटरची जाळी बारीक छिद्रं पडून वारंवार जात असेल, तर अर्थिंग बघायला हवं. जुन्या गाडीत जास्तीचे दिवे, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टिम अशी जोडणी झालेली असते आणि इंजिन ते बॉडीची अर्थची वायर गंजलेली असते. मग विजेचा प्रवाह कूलंटमधून वाट काढतो आणि ॲल्युमिनियम खातो. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं धातूला न लागू देता कूलंटमध्ये धरा. साधारण ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर एकतर अर्थ खराब आहे किंवा कूलंट पूर्ण मेलेलं आहे. दोन्हींचा उपाय नव्या रेडिएटरच्या आधी व्हायला हवा.

आता थर्मोस्टॅटबद्दल. ‘आपल्याकडे थंडी कुठे असते, काढून टाकू’ हा सल्ला इतका रुळलाय, की कित्येक जुन्या गाड्यांत तो नसतोच. सल्ला चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन डिसेंबरच्या सकाळी फार वेळ गार राहतं, पेट्रोल जास्त खातं आणि झिजतं. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की आतला बायपासचा मार्ग बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि काही पाणी रेडिएटरकडे न जाताच फिरत राहतं. म्हणजे घाटात गाडी उलट जास्त तापते.

एकदम काय काय बदलावं, याबद्दल माझा सल्ला असा. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीत रेडिएटरची प्लास्टिक टाकी तडकली असेल, तर टाकी चिकटवण्यात किंवा फक्त टाकी बदलण्यात अर्थ नाही. पूर्ण रेडिएटर घ्या, आणि त्याच वेळी वरचा-खालचा होज, क्लिपा, कॅप आणि थर्मोस्टॅट बदलून टाका. मजुरी एकदाच लागते आणि सगळे दुवे सारख्या वयाचे होतात. पंप मात्र गळत किंवा आवाज करत असेल तरच. याला एक अपवाद आहे. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो. स्कोडाच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून जोडलेल्या पहिल्या ऑक्टाव्हियांचं १.९ लिटरचं डिझेल इंजिन त्यातलंच. अशा इंजिनात टायमिंग बेल्ट बदलताना पंपही बदलावाच, कारण नंतर तो जाम झाला तर बेल्ट आणि त्यासोबत व्हॉल्व्ह जातात. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, इंडिकाचं २०१८ मध्ये. त्यांचे पार्ट अजून सहज मिळतात, पण दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला रबरी होजही म्हातारा होतो. घेताना वाकवून बघा, पृष्ठभागावर तडे दिसले तर परत करा.

काय भरायचं

बोअरचं नाही, टँकरचं नाही, नळाचंही नाही. डिस्टिल्ड किंवा डीएम पाणी वापरा, जे बॅटरीसाठी मिळतं ते. घरच्या आरओचं पाणी अडचणीत चालेल, कारण ते बोअरपेक्षा पुष्कळ हलकं असतं, पण नेहमीसाठी नको. कूलंट रंग बघून घेऊ नका, रंगाचा कुठलाही सार्वत्रिक नियम नाही. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार दिलाय तो घ्या. दोन वेगळे प्रकार मिसळले तर गाळ धरू शकतो. डब्यावर ‘रेडी टू यूज’ लिहिलंय की घट्ट अर्क आहे, तेही वाचा. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालून ते पातळ करणं ही नेहमीची चूक. ‘इथे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला’ असं म्हणणाऱ्यांना सांगा, की आपल्याला त्यातली गोठणरोधक शक्ती नकोच आहे. हवंय ते गंजापासून संरक्षण आणि उकळण्याची वाढलेली मर्यादा. जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट साधारण दोन वर्षांत आणि सेंद्रिय आम्लांचं नवं कूलंट साधारण पाच वर्षांत बदलावं. डब्यावरची मुदत वेगळी असेल तर ती पाळा.

आधीचं गढूळ, तांबूस पाणी काढून टाकताना स्वच्छ पाणी घालून इंजिन फिरवून पुन्हा काढणं, हे पाणी नितळ येईपर्यंत करावं आणि शेवटची खेप डीएम पाण्याची. फार जुन्या, क्षाराने भरलेल्या यंत्रणेत तीव्र रसायनाने फ्लशिंग करू नका. क्षारानेच बुजलेली छिद्रं त्याने उघडी पडतात. भरताना हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, सावकाश भरा, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो ढिला करून हवा जाऊ द्या. आत हवा अडकली तर सगळं नवं असूनही गाडी तापते आणि दोष नव्या रेडिएटरवर जातो.

हळदीबद्दल लोक हमखास विचारतात. रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबवणं ही ट्रक ड्रायव्हरांची जुनी युक्ती आहे, आणि बारीक छिद्रावर ती खरंच काम करते, कारण पूड पाण्यासोबत छिद्राकडे ओढली जाते आणि तिथे बसते. पण ती छिद्र आणि नळी यांत भेद करत नाही. आधीच क्षाराने अरुंद झालेल्या नळ्यांत आणि हीटरमध्येही बसते. बाटलीतल्या लीक स्टॉपचंही तेच. रात्री घाटात कुटुंबासोबत अडकलात तर घरी पोहोचण्यापुरती वापरा, आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजला सांगा की हे टाकलंय. कायमचा उपाय म्हणून कधीही नाही.

रस्त्यात तापमानाचा काटा चढला तर

पहिलं काम एसी बंद. दुसरं, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. त्या छोट्या रेडिएटरमधून थोडी उष्णता निघते. घामाघूम व्हाल, पण इंजिन वाचेल. तरी काटा खाली येत नसेल किंवा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘पुढच्या धाब्यापर्यंत जाऊ’ या विचाराने हेड वाकतं. समृद्धीवर असाल तर कडेच्या पट्टीत शक्य तितकं डावीकडे थांबा, धोक्याचे दिवे लावा, त्रिकोण मागे दूर ठेवा आणि माणसांना गाडीबाहेर, रेलिंगच्या पलीकडे नेऊन उभं करा.

कॅपला हात लावू नका. दाब सुटला की उकळतं पाणी तोंडावर उडतं आणि हा अपघात दर उन्हाळ्यात होतो. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. होज हाताला गार लागून मऊ झाल्यावर जाड फडकं टाकून कॅप सावकाश, आधी पहिल्या खाचेपर्यंत फिरवा. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतू नका, ब्लॉक किंवा हेड तडकतं. एक धोका बऱ्याच जणांना माहीत नसतो. पाणी पूर्ण संपलं असेल तर तापमानाचा सेन्सर कोरड्या हवेत राहतो आणि काटा खाली दाखवू शकतो. वाफ किंवा जळका वास येतोय आणि काटा मात्र शांत आहे, तर नाकावर विश्वास ठेवा.

डिकीत दोन लिटर डीएम पाणी, होजच्या मापाच्या दोन क्लिपा, स्क्रू ड्रायव्हर, हातमोजे आणि फडकं एवढं असू द्या.

गाडी ठेवायची की नाही, हा प्रश्नही याच वळणावर येतो. खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते. १ एप्रिल २०२२ ला त्याचं शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झालं होतं. त्यासाठी फिटनेस तपासणीला गाडी नेण्याआधी कूलिंगचं काम उरकून घ्या. बॉडी आणि चेसिस धड असतील आणि हेड तापून वाकलेलं नसेल, तर रेडिएटर-होज-पंपाच्या खर्चासाठी गाडी भंगारात काढण्याचं कारण नाही. हेड दोनदा फेस होऊनही पाणी जातच असेल, तर तिथे थांबावं.

जुनं कूलंट काढाल तेव्हा ते गटारात सोडू नका. आपल्या गटारांचं पाणी खाम नदीला मिळतं. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री आणि मोकाट गाई ते पितात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. लहान मुलांनाही तोच धोका. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ‘विष’ असं लिहून, वापरलेलं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. गॅरेजवाल्याने तुमच्यासमोर ते नाल्यात ओतलं, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.